पाच एकराला हिरवा रंग, शंभर एकराला पिवळा



गावाच्या शिवारात नवे शहर बसवायचे सरकारच्या मनात आले, गावाने मोजणीदाराला धुऱ्यावरून परत पाठवले, की दुसऱ्या दिवशी एक शब्द छापून येतो: विकासविरोधी. सिन्नरच्या कास्तकाराला हे ऐकावे लागले, पेण-उरणच्या आगऱ्यांना ऐकावे लागले, मुळशीच्या डोंगरातल्या धनगर-कातकऱ्यांना ऐकावे लागले. उद्या आपल्या पऱ्हाटीच्या आणि ज्वारीच्या पट्ट्यातल्या गावांनाही ऐकावे लागणार आहे. म्हणून या शब्दाचा हिशेब आजच करून ठेवू.

पहिली गोष्ट स्पष्ट करतो. आमचा विरोध घरांना नाही. माणसे शहरात जातात, त्यांना डोक्यावर छप्पर लागते. आपलीच पोरे पुण्या-नागपुरात दहा बाय दहाच्या खोलीत चौघे-चौघे राहतात. त्यांच्यासाठी घरे झाली तर आनंदच आहे. जमीन विकू नका, काळ्या आईला कवटाळून बसा, असे कीर्तनही आम्ही करत नाही. जो धंदा वर्षानुवर्षे तोट्यात ठेवला गेला, त्यातून बाहेर पडायचा हक्क कास्तकाराला असलाच पाहिजे. मग भांडण कशाचे? भांडण एवढेच की वावराची किंमत आता मातीवर ठरत नाही. ती नकाशातल्या रंगावर ठरते, आणि तो रंग बदलण्याचा अधिकार कास्तकाराला नाही, त्याच्याकडून जमीन घेणाऱ्याला आहे.

रंगाची किंमत

नगररचनेच्या नकाशात शेतीचा पट्टा हिरवा असतो आणि राहण्याचा पट्टा पिवळा. दोन्हीकडे माती तीच, पाऊस तोच, रस्ताही तोच. पण हिरव्यातला एकर आणि पिवळ्यातला एकर यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. हा फरक कोणाच्या घामाने तयार झालेला नाही, एका अधिसूचनेने तयार झाला आहे.

आता पाहा, हा रंग कोणासाठी बदलतो. पाच एकरांच्या कास्तकाराचे वावर हिरव्या पट्ट्यात असेल तर त्याने फार तर शेतघर बांधावे. पोरीच्या लग्नासाठी त्याने कडेचे चार प्लॉट पाडून विकले तर ते अनधिकृत. मग गुंठेवारी, मग दंड, मग २००१ च्या कायद्याखाली नियमित करण्यासाठी चकरा. अकृषिक परवानगीची कटकट गेल्या काही वर्षांत सरकारने टप्प्याटप्प्याने सैल केली हे खरे. पण नकाशात रंग हिरवा असेल तर त्या सैलपणाचा पाच एकरवाल्याला घरे बांधण्यासाठी उपयोग नाही.

आता शंभर एकरवाल्याकडे बघा. २००५ साली राज्य सरकारने विशेष नगर वसाहतीचे धोरण आणले. अट एकच मोठी: किमान ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर, सलग जमीन. तेवढी जमवली की हिरव्या पट्ट्यातही शहर बसवता येते. त्या धोरणात अकृषिक परवानगी आपोआप, मुद्रांक शुल्कात निम्मी सूट, मधली सरकारी जमीन भाडेपट्ट्याने. पुढे २०१६ साली त्याचेच एकात्मिक नगर वसाहत असे नवे बारसे झाले. शंभर एकरांची अट कायम राहिली.

आणखी गंमत ऐका. विदर्भाच्या कूळकायद्याचे कलम ८९ सांगते की शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकता येत नाही. १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा सांगतो की जिरायत जमीन ५४ एकरांच्या वर ठेवता येत नाही. हे दोन्ही कायदे कास्तकाराच्या नावाने आणि कास्तकाराच्या भल्यासाठी केले, असे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले. पण नगर वसाहतीच्या धोरणात काय लिहिले? घेणारा शेतकरी असण्याची अट लागू नाही, धारणेची कमाल मर्यादा लागू नाही. म्हणजे कास्तकाराला गिऱ्हाईक शोधायला गेले की कायदा आडवा येतो, त्यामुळे गिऱ्हाईक कमी, त्यामुळे भाव कमी. आणि तोच भाव पाडून घेणारा बिल्डर आला की कायदा बाजूला सरून त्याला वाट देतो.

कापसाच्या बाबतीत आपण हाच खेळ पाहिला आहे. निर्यातबंदी लावून भाव पाडायचा, पाडलेल्या भावात गिरणीने खरेदी करायची. जमिनीच्या बाबतीत निर्यातबंदीचे काम हिरवा रंग करतो, एवढाच फरक.

समृद्धीची नवनगरे

हे सगळे पुण्या-मुंबईकडचे, आपल्या कोरडवाहू मुलखाला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. तर समृद्धी महामार्ग आठवा. ७०१ किलोमीटरचा रस्ता, दहा जिल्हे, ३९२ गावे. नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना. पट्टा बहुतेक कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारीचा. रस्त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. पण सुरुवातीच्या आराखड्यात नुसता रस्ता नव्हता. रस्त्याच्या चौकाचौकांत नवनगरे होती, त्यांना गोंडस नाव दिले ‘कृषी समृद्धी केंद्र’. एकेक केंद्र हजार एकरांच्या पुढचे. त्यात घरे, गोदामे, बाजार, कारखाने. शहर वसवण्याचे काम शेतीखात्याकडे नाही, रस्ते विकास महामंडळाकडे.

जमीन कशी घेणार? २०१६ चे धोरण होते भूसंचयाचे, म्हणजे जमीन एकत्रीकरणाचे. कास्तकाराने वावर सोडून द्यायचे. त्याबदली जिरायतवाल्याला २५ टक्के आणि बागायतवाल्याला ३० टक्के विकसित जमीन नवनगरात परत. शिवाय दहा वर्षे दरसाल मोबदला: जिरायतीला हेक्टरी ५० हजार रुपये, त्यात वर्षाला १० टक्के वाढ.

हा हिशेब आपण आपल्या भाषेत मांडू. हेक्टरी ५० हजार म्हणजे एकरी २० हजार. चक्रवाढीने धरले तरी दहाव्या वर्षी तो ४७ हजारांवर जातो. अकराव्या वर्षी शून्य. दहा एकरांच्या कास्तकाराला अडीच एकराचे प्लॉट मिळणार. त्या प्लॉटांना सोन्याचा भाव येईल, असे साहेब सांगतात. येईलही, पण शहर उभे राहिले तरच. रस्ता, वीज, पाणी, गटारे झाली आणि राहायला माणसे आली तर. नाही आली, तर त्या अडीच एकरावर ना पऱ्हाटी लावता येते ना इमला चढवता येतो. साडेसात एकर गेले ते गेलेच. शहर झाले तर महामंडळाची वाहवा, नाही झाले तर कास्तकाराचे मरण. व्यापारात याला भागीदारी म्हणत नाहीत. जोखीम एकाची आणि नकाशा दुसऱ्याचा, अशी भागीदारी कोणता शहाणा करेल?

कास्तकार शहाणा होता. त्याने केली नाही. शहापूरपासून सिन्नरपर्यंत आणि मराठवाड्यातही गावांनी मोजणी अडवली, ग्रामसभांनी ठराव केले. परिणाम काय झाला? रस्त्याच्या जमिनीसाठी सरकारला २०१७ साली एकत्रीकरण बाजूला ठेवून थेट खरेदीवर यावे लागले, आणि भाव चार-पाच पटीपर्यंत चढवावा लागला. काही कास्तकारांच्या हाती बऱ्यापैकी पैसा आला, आणि आला याचा आम्हाला आनंद आहे. पण तो कोणाच्या मेहेरबानीने आला हे विसरू नका. जे अडून बसले, ज्यांना विकासविरोधी म्हटले गेले, त्यांच्यामुळे तो आला. ज्यांनी मुकाट सही केली असती त्यांच्याही पदरात तो पडला.

आणि नवनगरे? रस्त्यावरून गाड्या धावू लागल्या, पण नवनगरे अजून प्रामुख्याने कागदावर आहेत. कागदावरच्या शहराचाही काच मात्र खरा असतो. ज्या शिवारावर नवनगराची रेघ पडली, तिथे विहीर खोदावी की नाही, संत्र्याची बाग लावावी की नाही, वाटणी करावी की नाही, या विचारात माणसाची वर्षे जातात. आता पवनार ते पत्रादेवी अशा शक्तिपीठ महामार्गाची तयारी चालू आहे. रस्त्यामागून शहर येते, हा अनुभव आहे. म्हणून रस्त्याच्या वेळीच शहराचा प्रश्न विचारायचा.

दुसऱ्या अमरावतीचा धडा

एकत्रीकरणाचे गोड गाणे ज्यांना ऐकवले जाते त्यांनी आंध्रातल्या अमरावतीकडे बघावे. नाव आपल्याच अमरावतीचे, म्हणून लक्षात राहायला सोपे. २०१५ साली तिथे राजधानीसाठी सुमारे ३३ हजार एकर जमीन एकत्र केली गेली. पंचवीस-तीस हजार कास्तकारांनी ती दिली. जिरायतीला एकरी ३० हजार रुपये दरसाल, म्हणजे आपल्या दीडपट, आणि प्लॉट परत. २०१९ मध्ये सरकार बदलले. नव्या सरकारने सांगितले, राजधानी एक नाही, तीन करू. काम थांबले, अर्धवट इमारतींत झुडपे वाढली. डिसेंबर २०१९ पासून कास्तकार, त्यातही बाया, रस्त्यावर बसल्या. हायकोर्टाने मार्च २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी काम हलले नाही. २०२४ मध्ये पुन्हा सरकार बदलले तेव्हा कुठे पुन्हा सुरुवात झाली.

ध्यानात घ्या, त्या कास्तकारांनी विरोध केलेला नव्हता. त्यांनी विश्वास टाकला होता. आपल्या वावराचे भवितव्य पाच वर्षांनी येणाऱ्या निवडणुकीला बांधून ठेवायचे असते का, एवढाच प्रश्न आम्ही विचारतो.

फसलेले शहर आणि साधलेले शहर

महाराष्ट्रात सरकारने १९९६ साली गिरिस्थानांचे नियम केले आणि त्यांच्या जोरावर मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरात लवासा उभे राहू लागले. याच मुळशीत १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. शंभर वर्षांत त्या तालुक्याने आधी विजेसाठी जमीन दिली आणि मग बंगल्यांसाठी. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लवासाचे काम थांबवले. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. ज्यांनी तिथे घरांसाठी पैसे भरले ते अडकले, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना त्या परत मिळाल्या नाहीत. तिथले विरोधक तेव्हा विकासविरोधी ठरले होते. आज शहाणपण कोणाकडे होते ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरे उदाहरण रायगडचे. महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेलच्या गावांची जमीन घेण्याचा घाट घातला गेला. सेझच्या नियमांत निम्म्यापर्यंत जमीन कारखान्यांखेरीज घरे, हॉटेले, बाजार यांसाठी वापरायची मुभा होती. प्रा. एन. डी. पाटलांसारखी माणसे उभी राहिली, आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला २२ गावांत कास्तकारांचे मत घ्यावे लागले. लोकांनी रांगा लावून नकार लिहून दिला. पुढे मुदतीत निवाडे झाले नाहीत आणि २००९ साली ते संपादन बारगळले. संघटित नकाराने हे घडवले.

तिसरे उदाहरण हडपसरच्या मगरपट्ट्याचे. तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन स्वतःच एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग वाटून घेतले आणि त्यावर शहर बांधले. जमीन बिल्डरच्या घशात गेली नाही, भाडे आणि नफा त्यांच्याच घरात आला. हे सगळीकडे जमेल असे आम्ही म्हणत नाही. ती जमीन पुण्याच्या वेशीवरची, पाण्याखालची, आणि शहरीकरणाच्या पट्ट्यात आधीच आलेली होती. पण एवढे सिद्ध झाले की रंग बदलण्याचा फायदा कास्तकाराला मिळाला तर तो शहराच्या आड येत नाही, तो शहर बांधतो. मग विकासविरोधी कोण? शहर नको म्हणणारा, की शहराच्या कमाईतून कास्तकाराला वगळणारा?

काळी माती आणि एक पाणी

आम्ही शेतीशास्त्र शिकलो आहोत, म्हणून दोन गोष्टी त्या अंगानेही सांगतो.

पहिली मातीची. आपली भारी काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात बैलाचा पाय जाईल अशी भेगाळते. कपाशीला ती वरदान आहे, कारण पाऊस गेल्यावरही ती महिना-दोन महिने ओल धरून ठेवते. इमारतीला मात्र ती शाप आहे. पाया हलतो, भिंती तडकतात. म्हणून बांधणारे ती माती उकरून टाकतात आणि मुरूम भरतात. म्हणजे जी माती तयार व्हायला हजारो वर्षे लागली ती खणून फेकायची, आणि जिथे मुरूम आहे ते बरड सोडून द्यायचे. शहर बसवायचे तर बरडावर बसवा, पाया स्वस्त पडेल. पण नकाशा काढणारा मातीचा कस बघत नाही, तो रस्त्याचे अंतर बघतो.

दुसरी पाण्याची. समजा हजार एकरांच्या नवनगरात एक लाख माणसे आली. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हा सरकारी मापदंड आहे. दिवसाला १ कोटी ३५ लाख लिटर, वर्षाला सुमारे ४९ लाख घनमीटर. कपाशीला बोंडे भरताना पाऊस उघडला तर एक संरक्षित पाणी लागते. पाच सेंटिमीटरचे पाणी धरले तर हेक्टरी ५०० घनमीटर. म्हणजे एका नवनगराच्या वर्षाच्या पाण्यात जवळजवळ २४ हजार एकर कपाशीला एक संरक्षित पाणी देता येते. आमचे म्हणणे असे नाही की शहरवाल्यांनी तहानलेले राहावे. पिण्याचे पाणी आधी, हे आपणही मानतो. पण शहराच्या आराखड्यात हे पाणी कोणत्या धरणातून, कोणाच्या वाट्याचे कापून येणार, हे लिहिलेले नसते. २००३ च्या राज्य जलनीतीत तर उद्योगाला शेतीच्या आधी बसवले होते. ओरड झाल्यावर २०११ साली शेती वर आली. अप्पर वर्ध्याचे पाणी नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पाकडे वळवले तेव्हा अमरावती जिल्ह्याने केवढे आंदोलन केले, हे तुम्ही पाहिले आहे.

सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही

जमिनीचा सौदा झाला की चेक सातबाऱ्यावरच्या नावाने निघतो. सालदाराचे नाव तिथे नसते. निंदणी-वेचणीला जाणाऱ्या मजूर बाईचे नसते. ठोक्याने वावर करणाऱ्याचे नसते. ई-क्लासवर गुरे चारणाऱ्याचे नसते, आणि नगर वसाहतीत ती ई-क्लास जमीन भाडेपट्ट्याने जाण्याची वाट आधीच करून ठेवलेली असते. पांदण रस्ता कुंपणात गेला की शेजारच्या ज्या कास्तकाराने जमीन विकलीही नाही, त्याची बंडी वावरात जात नाही.

आणि घरातल्या लक्ष्मीचे काय? २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला. पण जिथे जिथे जमिनीला भाव येतो, तिथे तिथे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई सुरू होते. रक्षाबंधनाला साडी आणि दुसऱ्या दिवशी निबंधकाच्या कचेरीत अंगठा. बिल्डरने आपल्याला लुबाडू नये असे म्हणायचे आणि आपण बहिणीला लुबाडायचे, हे चालणार नाही. सरकारपुढे ताठ मानेने उभे राहायचे असेल तर आधी घरचा फेरफार सरळ असला पाहिजे.

कायदा कुठे पातळ केला

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने दोन हत्यारे आपल्या हाती दिली. खाजगी प्रकल्पासाठी संपादन करायचे तर ८० टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची आगाऊ संमती. आणि सामाजिक परिणामांची तपासणी. राज्याने २०१८ च्या दुरुस्तीत परवडणारी घरे, औद्योगिक मार्गिका अशा प्रकल्पांना यातून सूट देण्याची सोय करून घेतली. महामार्ग, औद्योगिक विकास, नगररचना आणि म्हाडा या चार राज्य कायद्यांखालचे संपादनही त्या दोन अटींबाहेर ठेवले. मोबदला देऊ, पण विचारणार नाही, असा याचा अर्थ. बाजारात असा सौदा कोणी केला तर त्याला काय म्हणतात, ते आम्ही लिहायला नको.

आणि भावाचे म्हणाल तर ज्या कास्तकाराचा कापूस भावाला महाग आहे, त्याला जमिनीचा भाव ठरवताना पाय रोवता येत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला, आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट ते डिसेंबर २०२५, परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले गेले. कर्जाच्या नोटिसा घेऊन बसलेला माणूस दलालाच्या इसाराला नाही म्हणू शकत नाही. तो स्वतःच्या मर्जीने विकायला आला असे कोणी म्हणू नये. त्याला हाकत आणले गेले आहे.

आमच्या मागण्या

१. हिरव्या पट्ट्यात जी सवलत शंभर एकरवाल्याला, तीच पाच एकरवाल्याला आणि पाच एकरवाल्यांच्या गटाला द्या.

२. जमीन घेताना तिचा भाव शेतीच्या दराने न धरता ज्या वापरासाठी ती घेतली जाते त्या वापराच्या दराने धरा. रंग बदलल्याने वाढलेल्या किमतीत मूळ मालकाचा वाटा ठेवा.

३. नवनगरासाठी ग्रामसभेची आगाऊ, लेखी, गुप्त मतदानाने घेतलेली संमती हवी. २०१८ ची सूट मागे घ्या.

४. ठरावीक मुदतीत शहर उभे राहिले नाही तर जमीन मूळ मालकाला परत. तोवर सातबारा त्याच्याच नावावर.

५. पाण्याचा स्रोत आराखड्यात नावानिशी लिहा. शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी आधी गमावलेल्या शेतीला.

६. ठोकेदार, सालदार आणि मजूर यांची यादी संपादनापूर्वी गावात वाचून दाखवा आणि त्यांचा वाटा वेगळा काढा.

आता गावाने काय करायचे? विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना जाहीर झाली की हरकती घेण्याची मुदत असते. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात येते आणि मुदत निघून जाते. प्रत्येक गावातल्या दोन शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावे. आपल्या तालुक्याचा नकाशा मिळवावा, आपल्या शिवाराचा रंग कोणता आणि कोणत्या गटावर रेघ आहे, ते चावडीवर लावावे. दलालाने इसार घेऊन ठेवायला सांगितले तर कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर सही करू नये. एकदा मुखत्यारपत्र गेले की पुढच्या खरेदीत तुमचे तोंडही कोणी बघत नाही. विकायचेच असेल तर एकेकट्याने विकू नका. शंभर एकर सलग ही त्यांची गरज आहे. ती सलगता तुमच्या हातात आहे, आणि मधला एक धुरा अडला तरी त्यांचे शहर अडते. ही आपली ताकद त्यांना माहीत आहे, आपल्याला अजून माहीत नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला नकाशा, ग्रामसभेचा ठराव आणि बाधित गटांची यादी बरोबर आणावी. भाषणे कमी करू आणि याद्या जुळवू. एका गावाचा नकार कचेरीत फाइलखाली दडपता येतो, सगळ्या गावांच्या जुळलेल्या यादीला मात्र उत्तर द्यावेच लागते.

वावर आमचे आहे. त्याचा रंग ठरवण्याचा हक्कही आमचाच आहे.